धिंगरीची पिशवी पांढरी का होत नाही?

(ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते)



शेतकी खाते उसाचे, मग या पानावर अळिंबीचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांना पडेल. पण गटऑफिसला येणारे सभासद अलीकडे ऊसनोंदीचे बोलून झाले की हळूच दुसरा विषय काढतात. घरातील मंडळींनी धिंगरी अळिंबीच्या पिशव्या भरल्या आहेत, वीस दिवस झाले, पण पिशवी काही पांढरी होत नाही. आता काय करावे? कोणी म्हणतो औषध सांगा, कोणी म्हणतो थोडा युरिया टाकू का, तर कोणी विचारायच्या आधीच पिशव्या उकिरड्यावर टाकून आलेला असतो. यातील पुष्कळ पिशव्या वाचण्याजोग्या असतात. म्हणून पिशवी मंद का चालते, ते ओळखायचे कसे आणि हात कधी लावायचा, याची माहिती येथे देत आहोत.

धिंगरीची लागवड नवी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ साली, जर्मनीत अन्नटंचाई असताना ती प्रथम करून पाहण्यात आली. आपल्या देशात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२ साली भाताच्या पेंढ्यावर ती घेतली गेली. पुढे १९८३ मध्ये अळिंबीचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला; त्याचे मुख्यालय हिमाचल प्रदेशात सोलन येथे आणि आपल्या राज्यातील केंद्र पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. थोडक्यात, पद्धत पारखलेली आहे. अडचण येते ती घरच्या खोलीत, घरच्या पाण्यात आणि घरच्या हवेत ती बसवताना.

नेहमीची वाढ कशी असते?

आजार ओळखायचा तर आधी निरोगी अवस्था माहीत पाहिजे. अळिंबीचे बियाणे, ज्याला दुकानदार स्पॉन म्हणतात, ते म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर वाढवलेली अळिंबीची पांढरी बुरशी. आपण ते निर्जंतुक केलेल्या काडात थराथराने पेरतो. दाण्यावरचे पांढरे धागे काडात शिरतात, एकमेकांना भेटतात आणि सगळी पिशवी जाळ्याने बांधून टाकतात. पिशवी घट्ट, पांढरी, विटेसारखी झाली की मगच अळिंबीचे अंकुर फुटतात.

हवामान मानवले तर पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत दाण्याभोवती कापसासारखी लव दिसते. आठवड्यात दाण्याभोवती रुपयाएवढी पांढरी वर्तुळे होतात. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी भरते. थंडीत हेच काम पंचवीस-तीस दिवसांवर जाते. तेव्हा पहिली सूचना अशी की, प्रत्येक पिशवीवर भरल्याची तारीख लिहावी. उसाची लागण तारीख नोंदवल्याशिवाय तोडणीचा कार्यक्रम लागत नाही, तसेच हे आहे. तारीख नसली की आठव्या दिवशीच “वीस दिवस झाले” असे वाटू लागते.

आधी पाहा: वाढ कोठे थांबली?

पिशवी मंद आहे एवढ्यावरून कारण कळत नाही. उगवण विरळ झाली म्हणजे लगेच बेणे वाईट असे आपण म्हणत नाही. सरी उकरून डोळा पाहतो. कुजला आहे, सुकला आहे की नुसताच थंडीने थांबला आहे, हे पाहतो. पिशवीच्या बाबतीत तीनच प्रकार संभवतात.

पहिला प्रकार: वाढ सुरूच झाली नाही. पाच-सहा दिवस झाले तरी एकाही दाण्यावर लव नाही. येथे दोष बहुधा बियाण्यात किंवा उष्णतेत असतो. चांगले बियाणे सगळीकडून पांढरे असते, दाणे धाग्यांनी एकमेकांना धरलेले असतात आणि वास ताज्या अळिंबीचा येतो. हिरवे-काळे ठिपके, तळाला साठलेले पिवळे पाणी किंवा आंबूस वास असेल तर ते घेऊ नये. बियाणे ताजे, साधारण महिन्याच्या आतील असावे. उसाला आपण दहा-अकरा महिन्यांचे बेणे मागतो. खोडव्याचे जून बेणे फुकट मिळाले तरी नको म्हणतो. येथेही तोच नियम लावावा.

बियाणे आणतानाही मरते. दुपारच्या गाडीत, इंजिनाजवळ किंवा काचेतून येणाऱ्या उन्हात पिशवी ठेवली की आतला धागा भाजून निघतो. वरून मात्र दाणा पांढराच दिसतो. बियाणे सकाळी किंवा रात्रीच्या प्रवासात आणावे. लगेच पेरायचे नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. भाताच्या पेंढ्यावरची अळिंबी म्हणून जी वेगळी, उष्ण हवामानातील जात आहे, तिचे बियाणे तर साध्या फ्रिजमध्येही मरते. म्हणून आपल्याकडे कोणती जात आहे, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे.

तिसरी गोष्ट, गरम काडात केलेली पेरणी. काड वरून गार लागते, पण ढिगाच्या पोटात वाफ असते. हात आत कोपरापर्यंत घालून पाहावा. ऊब लागली तर थांबावे.

यावर साधा उपाय म्हणजे उगवण चाचणी. बियाणे आणले की त्यातील चमचाभर, मूठभर उकळलेल्या व गार केलेल्या काडात घालून लहान पिशवीत ठेवावे. तीन-चार दिवसांत लव आली तर सगळ्या पिशव्या भराव्यात. चार दिवस थांबण्याने काही बिघडत नाही. मेलेले बियाणे चाळीस पिशव्यांत घालण्याने सगळेच बिघडते.

दुसरा प्रकार: वाढ सगळीकडे आहे, पण रेंगाळते. दाण्यांना लव आली, वर्तुळेही झाली, पण दिवसेंदिवस तेवढीच. रंग स्वच्छ पांढरा, वास चांगला. अशी पिशवी आजारी नसते. तिला एकतर थंडी लागते आहे, बियाणे कमी पडले आहे किंवा काड कोरडे आहे.

धिंगरीच्या धाग्याला साधारण २२ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. १५ अंशांच्या खाली वाढ फारच मंदावते. आपल्या भागात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर येतो. डिसेंबरात लावलेल्या सुरू उसाची उगवण जशी रखडते, तशीच ही पिशवी रखडते. अशा वेळी पिशव्या पत्र्याच्या शेडमधून काढून घराच्या मधल्या खोलीत आणाव्यात, जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवाव्यात, जवळजवळ मांडून वरून कोरडे गोणपाट टाकावे. मात्र चुलीचा धूर त्या खोलीत येऊ देऊ नये.

याच्या उलट उन्हाळ्यात. वाढणारी बुरशी स्वतः उष्णता सोडते, त्यामुळे पिशवीच्या पोटातले तापमान खोलीपेक्षा दोन ते चार अंशांनी जास्त असते. खोलीत ३२ म्हणजे पिशवीत ३५ किंवा अधिक, असे धरून चालावे. थंडीने धागा झोपतो, ऊब मिळाली की उठतो. पण चाळीस अंशांच्या आसपास काही काळ राहिला तर मरतो, तो परत उठत नाही. म्हणून मार्चनंतर पिशव्या एकमेकींपासून वीतभर दूर ठेवाव्यात आणि खिडकीला ओले गोणपाट लावावे. साधा तापमापक भिंतीवर टांगला तर निम्मे प्रश्न विचारावेच लागणार नाहीत.

बियाण्याचे प्रमाण एक किलो कोरड्या काडाला सुमारे शंभर ग्रॅम ठेवावे. पैसे वाचवण्यासाठी ते निम्म्यावर आणले तर धाग्याला तेवढेच काड व्यापायला दुप्पट वाट चालावी लागते आणि मधल्या काळात दुसऱ्या बुरशा शिरतात.

तिसरा प्रकार: वाढ चालू झाली आणि एका ठिकाणी अडली. वरचा भाग पांढरा, खालचा पिवळा-तपकिरी; किंवा कडा पांढऱ्या आणि मधला गाभा तसाच. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असते. चिबड जमिनीत उसाची मुळी गुदमरते, तसा तळाला पाणी साठले की धागा तेथे येऊन थांबतो. त्याला ओल हवी, पण हवाही हवी. पाण्याने भरलेल्या काडात हवा राहत नाही, तेथे आंबवणारे जिवाणू वाढतात आणि वास येतो. काड फार बारीक कापून दाबून भरले तरी हेच होते. मधला गाभाच तेवढा अडला असेल तर दाब आणि उष्णता ही दोन कारणे तपासावीत.

दिघीच्या पिशव्यांवरून

हा तिसरा प्रकार आम्ही अलीकडे एका वेगळ्या हवेत पाहिला. त्यातून शिकण्याजोगे बरेच आहे, म्हणून सविस्तर देतो.

आपल्या एका सभासदांची कन्या दिघीला दिली आहे. ही आळंदीच्या वाटेवरची पुण्याजवळची दिघी नव्हे; रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या तोंडाशी बंदर आहे ती दिघी. समोर पाण्यात जंजिरा, पलीकडच्या काठावर आगरदांडा, मधे फेरीबोट. तिकडे ऊस नाही; भात, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि मासेमारी. माहेरी आईबरोबर तिने दोन हिवाळे धिंगरी घेतली होती. सासरी भाताचा पेंढा घरचाच. दिवेआगर-श्रीवर्धनला नाताळात पर्यटकांची गर्दी असते. तेथील घरगुती खानावळींना माल द्यावा, या हिशेबाने तिने बचत गटाकडून कर्ज काढले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात २४ पिशव्या भरल्या. दोन खानावळींना मालही बोलून ठेवला होता.

पंधरा दिवस झाले तरी पिशव्या अर्ध्याच पांढऱ्या. सासूबाईंचे म्हणणे, “अळंबी पावसात वारुळावर येते, प्लास्टिकच्या पिशवीत कशी येईल?” त्यांचेही एका अर्थी खरे होते. कोकणात श्रावणाच्या सुमारास वारुळाजवळ उगवणारी अळंबी वाळवीच्या आधारानेच वाढते. ती घरी लावता येत नाही. धिंगरीची जात निराळी, ती काडावर येते. पण हे समजावून सांगायला पांढरी पिशवी दाखवावी लागते, आणि तीच तयार नव्हती. आम्ही कामानिमित्त श्रीवर्धनकडे गेलो होतो, तेव्हा माणगाव-म्हसळ्यावरून दिघीला उतरलो. पोचताच तिचा पहिला प्रश्न, “काका, फेकून देऊ का सगळ्या?”

पिशव्या पडवीत ओळीने जमिनीवर ठेवल्या होत्या. बियाण्याची शंका लगेच फिटली. वरच्या थरात वाढ दाट होती, म्हणजे बियाणे जिवंत होते. थंडीचीही शंका उरली नाही, कारण समुद्रकाठी डिसेंबरात आपल्यासारखी रात्र गारठत नाही. पडवीत सकाळी तापमापकाने २१ अंश दाखवले. घरातील पाणी नळाचे गोडे होते. राहिले पिशवीतले पाणी. पिशवी उचलून तिरकी केली की तळाशी पिवळसर पाणी एका कोपऱ्यात जमा होई. पांढरी रेघ बरोबर त्या ओल्या भागाच्या वर येऊन थांबलेली.

कृती विचारली. पेंढा रात्रभर भिजवला, गरम पाण्यातून काढला, आणि माहेरच्या सवयीप्रमाणे दोन तास निथळत ठेवून भरला. गोम येथेच होती. आपल्याकडे हिवाळ्याची हवा कोरडी. दोन तासांत काडातले जादा पाणी उडून जाते, उलट कधी कधी काड जास्तच वाळते. दिघीला हवेतच ओल. तेथे दोन तासांत पाणी खाली ठिबकते तेवढेच, हवेत काही उडत नाही. कृती तीच, वेळ तीच, पण पेंढ्यात पाणी जास्त राहिले.

म्हणून आम्ही तिला जे सांगितले तेच सर्व सभासदांना सांगतो. निथळण्याचे तास मोजू नका, मूठ दाबून पाहा. मूठभर काड जोरात पिळले असता बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर ओले. तळवा ओलसरही झाला नाही तर कोरडे. दुसरी खूण काट्यावरची. एक किलो कोरडे काड तयार झाल्यावर तीन किलोच्या आसपास भरले पाहिजे. चार किलो भरले म्हणजे किलोभर पाणी तुम्ही पिशवीत कोंडता आहात. वजनकाट्याचे महत्त्व ऊस उत्पादकाला वेगळे सांगायला नको. दिघीत शेजारच्या घरून मासळी तोलायचा काटा आणला आणि हे करून पाहिले. तिच्या पद्धतीने निथळलेला एक किलो पेंढा चार किलोंच्या थोडा वरच भरला.

त्या पिशव्यांचे काय केले? एकही उघडली नाही. तळाच्या कोपऱ्यांना आचेवर तापवून गार केलेल्या सुईने पाच-सहा भोके पाडली आणि पिशव्या सुतळीच्या शिंकाळ्यात घालून घरातल्या वाशांना, एकमेकींना लागणार नाहीत अशा टांगल्या. खाली पातेली ठेवली. पहिल्या दोन दिवसांत पाणी ठिबकले, मग थांबले. हिरवा डाग पसरलेल्या दोन आणि नासल्याचा वास येणाऱ्या दोन, अशा चार पिशव्या न उघडता घरापासून दूर नेऊन खड्ड्यात पुरल्या. उरलेल्या वीस पिशव्यांत पांढरी रेघ चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा खाली सरकू लागली, आणि त्या भरायला एकूण महिना लागला.

नाताळ मात्र हुकला. खानावळवाल्यांना नाही म्हणावे लागले, आणि गटाचा पहिला हप्ता घरातून भरावा लागला. माल जानेवारीत निघाला आणि गावातच खपला. येथे आमचे एक सांगणे आहे. पिशवी पूर्ण पांढरी होऊन अंकुर दिसेपर्यंत कोणालाही माल बोलू नये. ‘बाजारात तुरी’ म्हणतात तसला तो व्यवहार होतो. पिशवी पांढरी झाल्यावर आठवडाभरात माल हाती येतो. गिऱ्हाइकाला सांगायला तेवढे दिवस पुरतात.

जानेवारीतला दुसरा भर तिने मूठ आणि काटा पाहून केला. निथळण्यासाठी पेंढा सुपारीच्या कांबांच्या तिरक्या मांडवावर पातळ पसरून वर पंखा लावला. त्या दिवशी दोनांऐवजी पाच तास लागले. पिशव्या सतराव्या दिवशी पांढऱ्या झाल्याचा फोटो तिने फोनवर पाठवला. त्यात पिशवीशेजारी सासूबाई उभ्या आहेत.

पाचट आणि बगॅसबद्दल

आपल्याकडे भाताचा पेंढा विकत आणावा लागतो, म्हणून पाचटावर धिंगरी घेता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. येते. पण पाचटाचे दोन गुण लक्षात घ्यावेत. उसाच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे ते पाणी सावकाश धरते. पेंढ्याला रात्र पुरते, तर पाचट पूर्ण बुडवून, वर दगड ठेवून सोळा ते अठरा तास भिजवावे. कमी भिजले तर वरून ओले आणि आतून कोरडे राहते, व वाढ दुसऱ्या प्रकाराने रेंगाळते. दुसरे, पाचट तीन ते पाच सेंटिमीटर लांबीचे कापावे. लांब पाने पिशवीत पोकळ्या ठेवतात आणि धाग्याला त्या ओलांडता येत नाहीत. पावसात भिजून काळे पडलेले, आधीच बुरशी धरलेले पाचट मुळीच घेऊ नये. यंदाचे, उन्हात वाळलेले, सोनेरी पाचट निवडावे.

बगॅसची गोष्ट वेगळी. गाळप झाल्यावरही बगॅसमध्ये थोडी साखर राहतेच. ती साखर धिंगरीच्या आधी दुसऱ्या बुरशा आणि जिवाणू खातात. शिवाय बगॅसचा भुसा बारीक, तो दाबून बसतो आणि हवा कोंडते. म्हणून नुसत्या बगॅसवर पिशवी भरू नये. वापरायचेच झाल्यास स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन, पाव हिस्सा बगॅस आणि बाकी पेंढा किंवा पाचट असे मिश्रण नीट गरम पाण्यातून काढून वापरावे.

कोणी असे समजू नये की अळिंबीसाठी शेतातले पाचट उचलावे, असा आमचा सल्ला आहे. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते खोडव्यात सरीत ठेवून कुजवणे हाच त्याचा पहिला उपयोग. वीस पिशव्यांना कोरडे काड लागते फार तर तीस किलो. बांधावरचे तेवढे पाचट पुरते. अळिंबी निघून गेल्यावर उरलेले काडही चांगले खत होते, ते परत शेतात जावे.

गरम पाणी आणि स्वच्छता

काडात आधीपासून असलेल्या दुसऱ्या बुरशा मारल्या नाहीत तर धिंगरीला त्यांच्याशी झगडत वाढावे लागते. भिजलेले काड साधारण ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवावे. तापमापक नसेल तर पाण्यावर भरपूर वाफ आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसतात, पण खळखळ उकळी नाही, अशी आच ठेवावी. काही ठिकाणी त्याऐवजी औषधाच्या पाण्यात काड बुडवतात. घरात, मुलाबाळांत, खाण्याच्या वस्तूसाठी आम्ही गरम पाणीच सुचवतो.

निथळलेले काड शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरू नये. धुतलेल्या ताडपत्रीवर किंवा मांडवावर पसरावे. भरण्याआधी हात साबणाने धुवावेत. गोठा आणि कोंबड्यांचे खुराडे यांच्या शेजारची खोली टाळावी. माश्या तेथूनच येतात.

काय करू नये

पिशवी मंद दिसली की हात शिवशिवतात. त्या वेळी पुढील गोष्टी टाळाव्यात. पिशवी उघडून पाहू नये. उघड्या भागावर हवेतली बुरशी बसते. वरून पाणी मारू नये. वाढीच्या काळात पाणी खोलीला लागते, पिशवीला नव्हे. पिशवीत युरिया, साखर, गूळ, पीठ यांपैकी काहीही घालू नये. जादा नत्राने आत उष्णता वाढते, अमोनियाचा वास सुटतो आणि काळ्या छत्रीच्या रानटी अळिंब्या उगवतात. अर्ध्या भरलेल्या पिशवीत पुन्हा बियाणे पेरू नये. उजेडासाठी पिशव्या उन्हात ठेवू नयेत. पांढरे होईपर्यंत तिला उजेड लागतच नाही. तो अंकुर फुटताना लागतो.

केव्हा थांबावे, केव्हा टाकावे

घरात भिंतीवर लावण्यासाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

१) सहा दिवसांत लव नाही: बियाणे मेलेले किंवा काड गरम होते. दहाव्या दिवसापर्यंत पाहावे, मग पिशवी काढून टाकावी.

२) लव आहे, रंग पांढरा, वास चांगला, पण गती मंद: थांबावे. तापमान पाहावे. महिना लागला तरी चालेल.

३) वर पांढरे, तळ ओला: तापवलेल्या सुईने तळाला भोके, पिशवी टांगून ठेवणे. आठवडाभर वाट पाहावी.

४) नखाएवढा हिरवा डाग: पिशवी वेगळ्या खोलीत. पांढऱ्या जाळ्याने डाग वेढला तर ठेवावी; पसरला तर न उघडता पुरावी.

५) आंबट, नासका वास: टाकावी. ती सुधारत नाही.

टाकलेल्या पिशव्यांची कारणे वहीत लिहून ठेवावीत. एकाच दिवशी भरलेल्या सगळ्या पिशव्या बिघडल्या तर दोष काडात, पाण्यात किंवा बियाण्यात. दोन-चारच बिघडल्या तर दोष बहुधा त्यांच्या जागेत किंवा भरणाऱ्या हातात. वही पुढच्या भराला उपयोगी पडते.

आणखी एक सूचना आरोग्याची. अळिंबीच्या टोपीची कड वर वळू लागण्यापूर्वी काढणी करावी. उशीर केला तर बारीक पांढरी पूड उडते आणि बंद खोलीत काम करणाऱ्यास खोकला, दम लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधावा, खिडकी उघडावी. तसेच पिशवीवर धिंगरीखेरीज दुसरी कोणतीही छत्री उगवली तर ती खाऊ नये, कोणाला देऊही नये.

धिंगरी म्हणजे उसाला पर्याय नाही आणि तसा दावाही आम्ही करत नाही. एक किलो कोरड्या काडापासून साधारण अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी मिळते, ती दोन दिवसांत विकावी किंवा वाळवावी लागते. पण उसाच्या एका बिलापासून दुसऱ्या बिलापर्यंतचा काळ लांब असतो, आणि त्या काळात घरातल्या बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे आले तर त्याची किंमत वेगळी. त्यासाठी सुरुवात पाच पिशव्यांनी करावी, कर्ज काढून पन्नासांनी नाही. पाच पिशव्या वेळेवर पांढऱ्या झाल्या की पुढचे पाऊल टाकावे.

ज्या सभासदांच्या पिशव्या सध्या अडल्या आहेत त्यांनी त्या टाकण्यापूर्वी एक पिशवी, भरल्याची तारीख लिहून, आपल्या गटऑफिसला आणून दाखवावी. येताना वापरलेल्या काडाची मूठभर वाणगीही आणावी. शेतकी मदतनीस ती पाहून योग्य ती सूचना देतील.